माळ्याची शिडी

चि. सौ. उमास,

तू नदीवरून येईपर्यंत थांबलो असतो, पण मंठ्याची मोटार चुकली असती. सकाळी आपला गडी कडूबा सांगून गेला, शरद सरहद्दीवरच्या छावणीतून मंठ्यापर्यंत आलाय. वर्षभरानं तुझा नवरा घरी येतोय. संध्याकाळपर्यंत त्याला घेऊन पोचतो.

त्याची गादी काढायला माळ्यावर चढलो, तर उतरताना शिडी पुन्हा निखळली आणि मी गादीसकट खाली आलो. हसू नको, गादी खाली होती, मी वर. मग मात्र सुतळीनं बांधायचा नाद सोडला. दोन्ही वाशांना आरपार भोकं पाडून पायऱ्या आत बसवल्या आणि बाभळीच्या पाचरी ठोकल्या. आता वर चढून नाचलो तरी हलत नाही.

कडूबा म्हणाला, "दादा एका पायानं लंगडून राह्यलेत, बाकी बिलकुल बराबर हायेत." तेव्हा अंथरूण खालीच घाल. गादी अंगणात उन्हात टाकलीय.

तो ऐकायचा नाही. आपल्या माळ्यावरच निजायला जाईल. जाऊ दे. हात द्यायला धावू नको, नुसती शिडीपाशी उभी राहा.

तुझे मामंजी