तीन बोटं

२ फेब्रुवारी
नववर्षाचा संकल्प उशिरा का होईना, आजपासून लागू: तब्येत. पंचवटीतला नामांकित पुरोहित फिट दिसलाच पाहिजे. आजची मिसळ मात्र जाळ! नुसता पाव चावला तरी तोंड भाजलं. मिसळवाला बिघडलाय. हॉटेल बदलायचं.

६ फेब्रुवारी
लेक मृण्मयी डेंटल कॉलेजात शिकते, म्हणून घरातही डॉक्टर. म्हणाली, बाबा, सुपारी सोडा, कॅन्सर होतो. काहीतरीच! जिला आपण गणपती म्हणून पाटावर बसवतो, तिनं कॅन्सर? आणि यजमान पूजेत ठेवतात त्या सुपाऱ्या काय फेकायच्या? तंबाखूला मी शिवत नाही. फक्त सुपारी. तीही अडकित्त्यानं बारीक कातरून. दिवसभर.

११ फेब्रुवारी
पाणीपुरी तोंडात जाईना. भैया पुऱ्या मोठ्या करायला लागलाय. चांगला झापला त्याला. आमच्या गोदावरीबाई मात्र आख्खी प्लेट संपवून मोकळ्या. बायकोला कशाचं काही नाही.

१५ फेब्रुवारी
गंगापूर रोडला सत्यनारायण. यजमान म्हणाले, गुरुजी, मंत्र कळत नाहीत हो, तोंडातल्या तोंडात म्हणताय. माइक थर्ड क्लास होता.

१८ फेब्रुवारी, सकाळी
मृण्मयीनं हॉस्टेलवरून फोनवर टेस्ट सांगितली. सुई नाही, रक्त नाही. आ करायचा आणि तीन बोटं उभी आत घालायची. गेली तर ठीक. माझी दोनच गेली. पण माझी बोटं जाड आहेत, त्याला मी काय करणार? गोदावरीची घालून बघितली. तिन्ही गेली! कोणाची बोटं, हे टेस्टमध्ये कुठं म्हटलंय? मृण्मयीला मेसेज: पास.

दुपारी
गोदावरीनं बोटाला हळद लावलीय. माझे दात लागले म्हणे.

२१ फेब्रुवारी
मृण्मयी घरी आली. बोटं कोणाची होती, विचारलं. गोदावरीनं हळदीचं बोट दाखवलं. घरभेदी! सोमवारी कॉलेजात तपासणी. जातो, पोरीच्या समाधानासाठी.

२४ फेब्रुवारी
खुर्चीत बसवलं. भोवती सगळी विद्यार्थी मंडळी वाकलेली. वाटलं, आशीर्वाद हवाय, म्हणून हात वर केला. मृण्मयीचे सर म्हणाले, गुरुजी, हात नको, तोंड उघडा. मग निळा दिवा मारला, गालाच्या आतून छोटा ब्रश फिरवला. झालं. कणभर दुखलं नाही. उगाच घाबरत होते लोक. मी नाही.

२८ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. मृण्मयीला म्हटलं, बघ! तर ती रडायलाच लागली. सर म्हणाले, सुपारीनं गाल आतून ताठ झालेत, ते आता पूर्ण सैल होणार नाहीत. सुपारी कायमची बंद केली तर आहे तेवढं तोंड उघडत राहील, नाहीतर पुढे कॅन्सरचा धोका. वेळेत आलात म्हणाले. दर तीन महिन्यांनी दाखवायचं.

भीती वाटली. फार वाटली. मंत्र म्हणण्यापलीकडे मला येतं काय?

घरी आल्याआल्या गोदावरीला ठणकावून सांगितलं, ऑल क्लिअर! मृण्मयीचा फोन आधीच येऊन गेला होता. गोदावरीनं गुरगुट्या भात वाढला, वर तूप घातलं आणि ताटाशेजारी चहाचा चमचा ठेवला.