राखणदाराचा घास

रविवार, संध्याकाळ

लेकीला, चिनूला वॉटर पार्क दाखवून आलो. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणे, म्हणून उंडे पाव आणि भाजीचा डबा गाडीतच राहिला. आत रबरासारखा बर्गर खाल्ला.

आई असती तर? आमच्या कारापूरहून कुठं फिरायला गेलो की ती आधी झाडाखाली त्या जागेच्या राखणदार देवाचा घास ठेवायची, मगच आम्हाला वाढायची.

चिनूने बर्गरचा तुकडा प्लास्टिकच्या माडाखाली ठेवला.

"हे कशाला गो बाय?"

"राखणदाराला. आजी ठेवायची ना?"

आई गेली तेव्हा ही एवढीशी होती. हिला कसं आठवतं?

बाहेर येऊन काजूच्या झाडाखाली डबा उघडला. भाजी आंबली होती, उंडे चांगले होते. पहिला घास मी ठेवला. इतकी वर्षं विसरलोच होतो.