निकीताईच्या घराची फक्की

मखमलाबाद, नाशिक
१७ फेब्रुवारी २०२६

प्रिय निकीताई,

तुला नि महेश दाजींना नमस्कार, आणि रुद्रच्या गालाला एक चिमटा. इकडे सगळे बरे आहेत, आईचे गुडघे सोडून.

पत्र बघून घाबरू नको, कोणी गेलेलं नाही. फोन लावला की आप्पा शेजारी येऊन "स्पीकर लाव" म्हणतात, आणि ते समोर असले की माझ्या तोंडून त्यांचंच बोलणं निघतं. म्हणून लिहितोय. दिनेश मनमाडला रोज अप-डाऊन करतो, त्याच्या हाती देतो. त्याला चहा पाज, नाहीतर परतीचा निरोप आणायचा नाही.

मी सध्या घरीच आहे. किती दिवस ते विचारू नको. ओझरचं कँटीन सोडलं. त्याआधी मंडपवाल्याकडे होतो, तिथे बरं चाललं होतं, पण लग्नसराई संपली तसा मीही संपलो. आता फक्की मारतो. चुन्याची पांढरी पूड चिमटीतून सोडत जमिनीवर घर काढायचं, खरं घर असेल तेवढंच. इथं दार, इथं मोरी. दिवसभर हात पांढरे. आई म्हणते, बरंय, निदान हात दिसतात तरी तुझे.

घर कुणाचं, तर आपलंच. उताराची द्राक्षबाग काढली, हे तुला कुणीतरी सांगितलंच असेल. कुंभमेळ्यासाठी रस्ता रुंद व्हायला लागल्यापासून रोज एक गाडी बांधाशी थांबते आणि आतला माणूस काच खाली करून "प्लॉट पाडा" म्हणतो. पलीकडच्यांनी पाडले. उतार भरून सपाट केला, त्यांच्या हद्दीतला नाला पाइपात घातला, वर बंगले. तिथं ते मुंगूस राहायचं बघ, तू त्याला मास्तर म्हणायचीस. ते आता आपल्या उंबराखाली आलंय. बायकोसकट आलंय. असो.

तर आप्पांनाही बंगलाच पाहिजे होता, तात्यांनाही. दोघे भाऊ कितीतरी वर्षं एकमेकांशी धड बोललेले नाहीत, पण याच्यात एकमत. मग तात्यांच्या पूजानं तिच्या ओळखीच्या आर्किटेक्ट आणल्या, शुभांगी मॅडम. त्यांनी दोघांना पलीकडच्या एका बंगल्याला चक्कर मारायला लावली. चारी बाजूंनी सोडलेल्या पट्टीत काय आहे? पाण्याची मोटर, मोडकी सायकल, वाळत घातलेली पायपुसणी. मॅडम म्हणाल्या, प्रत्येकाच्या या पट्ट्या उचला आणि एकाच बाजूला ठेवा, बघा केवढं रान होतं. म्हणजे घरं एकमेकांना चिकटून, उतारावर पायऱ्यांसारखी. वरच्याचं अंगण म्हणजे खालच्याचं छप्पर. गाड्या वर रस्त्याला. उतार आहे तसा, नाला उघडा, उंबर जागेवर, द्राक्षाचे दोन मांडव सावलीला. पुढेमागे भाड्यानं द्यायला आणखी घरं बांधली तरी रान उरतं.

मला ते इतकं आवडलं की मी पळून जायचंच विसरलो.

पण आपली भावकी. तात्या म्हणाले, "म्हंजी थोरला माझ्या डोक्यावर खुर्ची टाकून चहा पिणार?" आप्पा म्हणाले, "मग मी राहू का ह्याच्या खाली? आन् भिंत एक म्हंजी खिळा त्यानं ठोकायचा, पोपडा माझ्याकडं पडायचा." बांधावरून भांडणारी माणसं आपली, त्यांना एक भिंत म्हणजे उभा केलेला बांधच. त्यातून फक्कीतलं घर नेहमी लहान दिसतं. भिंती नसतात ना. आईनं कॉट आणून टाकली, ती मावली, शेजारी कपाटाएवढी जागा उरली, तरी म्हणाली, "खुराडं हाये."

येत्या रविवारी दोघे ठरवणार, प्लॉट की हे. रोज सकाळी जाऊन बघतो, रात्रीत मेंढरं गेली का फक्कीवरून.

आता जे लिहायचं ते लिहितो.

मॅडमच्या नकाशात वर आप्पा, त्यांच्या खाली तात्या, आणि तळाला नाल्याजवळ पाहुण्यांचं घर. मी फक्की मारताना पाहुण्यांचं मध्ये मारलं आणि तात्यांचं तळाला. मॅडमना सांगितलं चुकून झालं. चुकून नाही झालं. त्या मधल्या घराच्या उंबऱ्यावर मी निकी असं लिहिलंय. अजून कुणाचं लक्ष नाही. पानं टाकून ठेवलीत.

आणि दुसरं. गेल्या गुरुवारी मी मनमाडला आलो होतो. आप्पांनी हक्कसोडचे कागद देऊन पाठवलं होतं, तुझी सही घ्यायला. काहीही ठरलं तरी सातबाऱ्यावर पोरींची नावं नकोत म्हणे. आत्यानं नाही का पुरणपोळी खाऊन, नवं पातळ नेसून सही केली, तशी तू करशील. मी तुझ्या गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. रुद्र सायकल शिकत होता, तू मागून धरून पळत होतीस. मी वळलो, स्टेशनवर दोन वडापाव खाल्ले आणि घरी येऊन सांगितलं, ताई लग्नाला गेलीय.

दोन वर्षांपूर्वी जेवताना तू सहज म्हणालीस, "आणि माझा वाटा?" आणि आप्पा ताटावरून उठले. तेव्हापासून भाऊबीजेला तू येत नाहीस. तेव्हा मी भात कालवत बसलो होतो. आताही मला सही कर म्हणता येत नाही, करू नको म्हणायचीही छाती नाही. तू सही केलीस तर ती फक्की मलाच पुसावी लागेल. एवढंच सांगायचं होतं. केवढं लांबलं.

तुझा गल्लीतून परतलेला,
रोहित


मखमलाबाद
रविवार, २२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सर्वांना नमस्कार. दिनेशनं निरोप दिला. म्हणाला, "तुझ्या बहिणीनं पत्र दोनदा वाचलं, चहात साखर टाकायची विसरली. मी निघालो तेव्हा म्हणाली, स्वयंपाकाच्या ओट्यावर उजेड कुठून येतो, विचार त्याला." हे ऐकून मी पंपाच्या खोलीमागं जाऊन बसलो. रडलो वगैरे नाही.

आजचं सांगतो. मॅडम काल म्हणाल्या, "रोहित, नुसत्या रेषांवर यांना काही दिसणार नाही." मग मी मंडपवाल्याकडून बांबू आणि कापड आणलं, त्याच्या पुढच्या सीझनला येतो असं कबूल करून. फक्कीवर बांबू रोवले, कापडाच्या भिंती केल्या. लग्नाचंच कापड, त्यामुळे आप्पांच्या बेडरूमला मरून झालर आणि तात्यांच्या मोरीवर 'शुभ विवाह'. पूजा हसून हसून बसली. पण आई आत गेली, कॉटवर टेकली, इकडंतिकडं बघत राहिली. मग म्हणाली, "वाढलं व्हय रे हे?"

फक्की कापडाखाली झाकली गेली होती, दारातली सोडून. वाऱ्यानं पानं उडाली. तात्यांनी मोठ्यानं वाचलं, "निकी."

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. आप्पा वर त्यांच्या अंगणाच्या कडेला उभे होते, तिथूनच म्हणाले, "कुनी लिव्हलं?"

मी म्हणालो, "मी."

"कुनाला इचारून?"

ताई, खरं सांगतो, नजर रस्त्याकडे गेली होती. एक रिक्षापण उभी होती.

तेवढ्यात तात्या म्हणाले, "म्हंजी मी थोरल्याच्या खाली नाय. निकीच्या खाली." मान वर करून त्यांनी मधल्या घराकडं पाहिलं. "मग मला चालतंय. जत्रेत ती माझ्या खांद्यावरच बसायची. तेव्हा कुटं मान मोडली." आणि नाल्याकडं तोंड करून त्यांच्या 'शुभ विवाह'खाली बसले, जणू राहायलाच आले.

आप्पांनी मग मॅडमना विचारलं, "वर चाललेलं खाली ऐकू येतं का?"

मॅडम म्हणाल्या, "मधे मातीचा थर देतो आपण, झाडं लावायला. तरी थोडं येईल."

"पहाटं उठतो मी," आप्पा म्हणाले. "ती झोपलेली असल."

नंतर खाली उतरले. मला वाटलं, आता पायानं नाव पुसतात. मी पुढं झालो, का ते माहीत नाही. ते तुझ्या दारापाशी थांबले, खाली बघितलं, आणि चपला काढल्या. फक्कीच्या अलीकडं, जोडून ठेवल्या. अनवाणी आत गेले. अख्ख्या उतारावर आज आम्ही सगळे चपला घालून कुणाच्याही स्वयंपाकघरातून फिरत होतो, ताई.

मग मी तुझा प्रश्न विचारला. ओट्यावर उजेड कुठून येतो? मॅडम बोलायच्या आत आप्पांनी नाल्याकडचं कापड हातानं बाजूला केलं. म्हणाले, "हिकडून. उंबराच्या अंगानं."

हो किंवा नाही असं ते कुणालाच म्हणाले नाहीत. मॅडमना एवढंच म्हणाले, "फुडचा नकाशा काढा." हक्कसोडचे कागद टीव्हीखाली आहेत तिथेच आहेत. फाडले नाहीत, मागितलेही नाहीत. उद्या काय करतील, मला सांगता येत नाही. मंडपवाला कापड परत नेईल. वारा सुटतो, मेंढरं जातात. पुसट झालं की मी रोज सकाळी पुन्हा मारतो. मला कुठलीच गोष्ट इतके दिवस धरून ठेवायची सवय नाही, तुला माहीत आहे.

सही करायला नको, रुसवा काढायलाही नको. ओटा उंच होतोय का बघायला ये. चपला बाहेर काढाव्या लागतील.

तुझ्या दाराशी थांबलेला,
रोह्या