उजव्या हातातली अंगठी

लंडन, सोमवार, भर दुपार

प्रिय लेटिस,

समोर कधी मोकळेपणी 'तू' म्हणायची छाती झाली नाही. कागदावर म्हणतो, रागावू नकोस. माझं सगळं ज्या क्षणी बदललं तो मला नेमका सांगता येईल. फेब्रुवारीतला गुरुवार, लँबेथचं तुमचं नाटकगृह, आणि चेरीवालीच्या गाण्यात तू उजवा हात वर करून टोपीची फीत सोडलीस. त्या हातात तुझ्या आईची साधी सोन्याची अंगठी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मला केंब्रिजच्या गाडीत बसायचं होतं. गाडी गेली, मी गेलो नाही. मुलगा पाद्री होणार म्हणून वडील गावभर सांगत होते. मुलगा छापखान्यात दगडावर नट-नट्यांची चित्रं काढायला बसला.

आज इथे मी एकटाच आहे. शनिवारी पगार झाला की आमची यंत्रावरची माणसं सोमवारी तोंड दाखवत नाहीत, दारूच्या दुकानात बसतात. मी मात्र सकाळपासून उठतोय, बसतोय, शाईचे डबे इकडचे तिकडे करतोय. तुझ्या चित्राचा दगड टेबलावर आहे. त्याच्याकडे पाठ करून लिहितोय.

गाण्याच्या छापील पुस्तिकेच्या मुखपृष्ठासाठी तुझं चित्र माझ्या वाट्याला आलं, तेव्हा हॉबडे म्हणाले होते, "कॉलेजवाल्या, जीव गुंतला की हात बिघडतो, सांभाळ." चाळीस वर्षं दगड तपासणारा माणूस. मी हसण्यावारी नेलं. दगडावर सगळं उलटं काढावं लागतं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. म्हणून तर आमच्या प्रत्येकाच्या टेबलावर आरसा असतो. पण तू दोन दिवस समोर बसलीस, चेरी खात बसलीस, बिया माझ्या शाईच्या बशीत टाकत बसलीस, आणि मी जसं दिसलं तसं काढत गेलो. दगडावर बरोबर आणि छापल्यावर उलटं. सहा हजार कागदांवर तुझी अंगठी डाव्या हातात आली, लग्नाची अंगठी घालतात त्या बोटात. घाई झाली, आरशात पाहायचं राहून गेलं. शनिवारी तुला मी हेच सांगितलं.

चित्र दुकानांत लागल्यावर पहिल्यांदा गॅलरीतून आरोळी आली त्या दिवशी मी तिथेच होतो. "लेटी, नवरा घरी पोरं सांभाळतोय का गं?" तू पटकन म्हणालीस, "तू रिकामाच दिसतोस, तूच ये की सांभाळायला!" सगळं नाटकगृह हसलं. पण तुझा उजवा हात पाठीमागे गेला आणि गाणं संपेपर्यंत पुढे आला नाही. मी त्या माणसाच्या अंगावर धावून गेलो. दोघांनी मला उचलून रस्त्यावर टाकलं. कुणावर चिडलो होतो, ते तेव्हाही मला ठाऊक होतं.

इकडे मालकांनी हॉबडेंना सगळ्यांसमोर सुनावलं, "डोळे गेले तुमचे. या महिन्यानंतर घरी बसा." म्हातारा तिथून निघाला. माझ्या टेबलाशी आला, उपडा पडलेला माझा आरसा उचलला, बाहीने पुसला आणि उभा करून ठेवला.

मग परवा, शनिवारी, तू सायलसचं पत्र घेऊन आलीस. तुझा सायलस, जहाजावरचा, ज्याचं नाव दोन दिवस चेरी खाताना तू एकदाही घेतलं नव्हतंस. ब्रिस्टलच्या दुकानात त्याने चित्र पाहिलं. "तुझ्या लग्नाची ही कुणाच्या तोंडची अफवा असती तर त्याचे दात पाडले असते," असं लिहिलंय त्याने, "पण हे छापलेलं आहे, दुकानादुकानात टांगलंय." गुरुवारी त्याचं जहाज सुटतं, दोन वर्षांसाठी. तू म्हणालीस, "दोन ओळी लिहून दे, छापखान्याची चूक झाली म्हणून. त्याला पटेल." मी भडकलो. तुझ्या शब्दापेक्षा ज्याला कागद मोठा वाटतो तो कसला माणूस, असं ओरडलो. तू शांतपणे म्हणालीस, "तो माझा माणूस आहे. तुला कुणी विचारलंय?"

मधे उठलो होतो. अक्षर बदललेलं दिसेल, हात ओले आहेत. तुझ्या दगडावर वाळू टाकली, पाणी ओतलं, आणि दुसरा दगड वर ठेवून फिरवत राहिलो. आधी टोपी गेली, मग चेरी, मग चेहरा. अंगठी सगळ्यात शेवटी गेली. तिथे मी खडू फार दाबून लावला होता. आता यावरून एकही कागद निघायचा नाही.

तू मागितलेल्या दोन ओळी मी लिहिणार नाही, कारण चूक झाली हे खरं नाही. सुरुवातीला क्षण सांगितला तोही खोटाच. खरा क्षण नंतरचा. चित्र पुरं झालं आणि मी आरशात पाहिलं, लेटिस. अंगठी लग्नाच्या बोटात दिसली. दगड घासून पुन्हा काढायला चार दिवस लागले असते, आणि मी ते बोट बघत बसलो. दारातून हॉबडेंनी विचारलं, "आरशात पाहिलंस ना रे?" "पाहिलं," म्हणालो, "सगळं बरोबर आहे." आणि आरसा उपडा ठेवला. हे सायलसला दाखव. हेच मालकांसाठी वेगळ्या कागदावर लिहून त्यांच्या टेबलावर ठेवलंय, हॉबडेंचा दोष नाही म्हणून. सोबत माझा आरसा पाठवतोय, मला आता लागणार नाही. सायलसला म्हणावं, दुकानातलं चित्र याच्यासमोर धर. अंगठी तुझ्या उजव्या हातात दिसेल, जिथे ती पहिल्यापासून होती. टपाल चारला निघतं. कोट घातलाय, किल्ली खिळ्याला टांगलीय. एवढी ओळ उंबऱ्यात उभ्याने लिहितोय, आणि दार ओढून घेतोय.

आजपुरता तरी तुझाच,
ज्युलियन