तिसऱ्या सिलिंडरचा आवाज

४ मार्च, मंगळवार
नोटीस लागली. आमचं इंजिन शॉप जूनमध्ये बंद. वीस तारखेला परीक्षा. पास होईल तो इलेक्ट्रिक गाड्यांच्या लाइनवर, नापासाला 'योग्य ते काम'. सगळे धसका घेऊन बसलेत. मी कँटीनमध्ये दोनदा भात घेतला. एकतीस वर्षं नुसत्या आवाजावरून बिघडलेला सिलिंडर ओळखतोय! मी कामाला लागलो तेव्हा आमच्या उल्सान बंदराच्या धक्क्यावर गाड्या न्यायला एखादं जहाज दिसायचं, आता रांग असते. कुणाच्या कानांमुळे? नाव घेत नाही. विनय माझ्या स्वभावातच आहे.
संकल्प: परीक्षेसाठी दिलेल्या पुस्तकाची रोज वीस पानं.

५ मार्च
पुस्तक जाड आहे. उशाला घेतलं. मानेला आराम पडला.

१२ मार्च, बुधवार
प्रशिक्षक म्हणून प्यो गी-जून आलाय. पाना धरायला माझ्याच हाताखाली शिकला. म्हणाला, फोरमनसाहेब, निदान पहिलं प्रकरण तरी वाचा हो. मी म्हटलं, अरे बाळा, बॅटरी म्हणजे टीव्हीच्या रिमोटमधलीच, जरा खाऊनपिऊन सुटलेली. तो मान हलवत निघून गेला. पटलं असणार.
घरी बायको ओक-बुनचंही तेच, लेकीच्या नावाने हाक मारून सुरू झाली. सोल-आचे बाबा, नापास झालात तर दिवसभर माझ्या डोक्यावर बसाल, वाचा गपचूप! बायकोला तंत्रज्ञानातलं काय कळतं? माझा फोन चार्जिंगला तीच लावते म्हणा, पण ते वेगळं.

१९ मार्च, बुधवार
पान पाचवं. उरलेलं उद्या सकाळी.
महत्त्वाची गोष्ट सुचली. नवी गाडी आली की चाकांवर तांदळाची दारू शिंपडायची, दोरा गुंडाळलेला सुका पोलॅक मासा बॉनेटखाली ठेवायचा, म्हणजे विघ्न येत नाही. परीक्षेच्या गाडीचं कुणी केलं का? छे! जेवणाच्या सुट्टीत मीच उरकून आलो. ओक-बुनने सूपसाठी ठेवलेला मासा नेला. चांगला हातभर, तोंड वासलेला.
बॉनेट उघडलं. इंजिनच नाही. माहीत होतं, तरी वाकून शोधलं. दिसली त्या फटीत, हीटरच्या पाइपाजवळ मासा खोचला. वाळलेला आहे, वासाचा प्रश्न नाही.

२० मार्च, गुरुवार
परीक्षा. बटण दाबलं. आवाज नाही. सात वेळा दाबलं. कागदावर लिहिलं: स्टार्टर गेला. गी-जून हळूच म्हणाला, साहेब, पहिल्याच वेळेला चालू झाली होती.
मग थंडी वाजते म्हणून हीटर लावला. दहा मिनिटांत भयंकर वास! माझं नाकही कानाइतकंच तयार आहे. ओरडलो, बॅटरी फुटली, पळा! लाइन थांबली. चारशे माणसं मैदानात. चंदेरी कपड्यांतले अग्निशामक आले आणि त्यांनी लांब चिमट्याने गुन्हेगार बाहेर काढला.
तोंड तसंच वासलेलं.
हा कुणाचा, असं गी-जूनने माझ्याकडे बघत विचारलं. मी म्हटलं, या इलेक्ट्रिक गाड्यांत काय निघेल, काही नेम नाही बाबा.

२१ मार्च
नापास. गी-जून घरी येऊन मासा पिशवीतून परत देऊन गेला. कुणाला बोललो नाही म्हणाला. ओक-बुनने मासा पाहिला, मला पाहिलं, आणि चक्क न रागावता भात वाढला. वाईट वाटलं.
इथे कोण वाचतंय, म्हणून लिहितो. बॉनेट उघडलं तेव्हाच घाबरलो होतो. ऐकायला काहीच नव्हतं.

१ एप्रिल, मंगळवार
नवं पद! कंपनीच्या प्रदर्शन हॉलमध्ये, आमच्या जुन्या इंजिनापाशी. पाहुणे आले की मी बटण दाबायचं, इंजिन धडधडतं. शेवटी कदर झालीच.
पहिल्याच धडधडीत ओळखलं: तिसरा सिलिंडर! हॉलच्या मॅनेजरबाईंना बोलावलं. त्यांनी इंजिनामागे हात घालून एक चकती फिरवली. खरखर थांबली. म्हणाल्या, इंजिन आतून रिकामं आहे हो, आवाज स्पीकरचा. जरा फाटलाय.
स्पीकर बॅटरीवर चालतो. रोज संध्याकाळी चार्जिंगला लावायचं काम माझ्याकडे आलंय.
चार्जरची वायर काही केल्या आत जाईना. ओक-बुनला फोन करून विचारलं.