भांडीकुंडीतल्या कुंड्यांबाबत

प्रति,
माननीय भाषांतर अधिकारी (मराठी-तमिळ),
दस्त भाषांतर कक्ष,
तंजावूर.

विषय: ‘भांडीकुंडी’ म्हणजे भांडी आणि कुंड्या नव्हेत, हे मान्य करून कै. अलमेलुबाई यांच्या शेवटच्या पत्राचे भाषांतर दुरुस्त करणेबाबत.

संदर्भ: १) आपल्या कक्षाने शिक्कामोर्तब केलेली तमिळ प्रत (तीवर शिक्का दिसतो, मोर्तब कोठे आहे ते कळवावे). २) अर्जदाराची मागील अर्जविनंती व तिला आलेले आपले उत्तर.

महोदय,

अर्जदार कमलाक्षी तुळजाराम, वय अडुसष्ट, ही टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली बाई असून सरकारदरबारी तिने आजवर कधी तोंड उघडलेले नाही. घरी उघडते, ते वेगळे. तिची आई कै. अलमेलुबाई यांनी जाण्यापूर्वी मराठीत पानभर पत्र लिहून ठेवले. घर नावावर करायला तमिळ प्रत लागते म्हणून अर्जदाराचा धाकटा भाऊ सेतुराम याने ते पत्र आपल्या कक्षात दिले. त्याला मराठी बोललेले सगळे कळते, पण देवनागरी वाचता येत नाही. लहानपणी आई पाटी घेऊन बसली की अर्जदार अक्षरे गिरवायची आणि हा पठ्ठ्या मागच्या दाराने क्रिकेटला पसार व्हायचा. त्याची फळे आता दोघेही भोगत आहेत.

पत्रात आईने लिहिले होते: “भांडीकुंडी कमलाक्षीने घ्यावी. घरदार सेतुरामने सांभाळावे. रुसवेफुगवे करू नयेत. बहीणभाऊ सुखात राहा.” इतके साधे! आपल्या भाषांतरकार कु. लावण्या कोशावरून मराठी शिकलेल्या. एकही शब्द गाळायचा नाही या कक्षाच्या नियमाला जागून त्यांनी प्रत्येक जोडशब्दाचे दोन तुकडे केले आणि दोन्ही तुकडे तमिळमध्ये उतरवले. मुलगी कष्टाळू आहे, तिच्यावर अर्जदाराचा राग नाही. राग शिक्क्यावर आहे.

त्या शिक्क्यामुळे घडले ते असे.

१. तमिळ प्रतीत ‘भांडी व फुलझाडांच्या कुंड्या कमलाक्षीला’ असे उतरले. सेतुरामची बायको संगीता कायद्यावर बोट ठेवून चालणारी. आईने गच्चीत वाढवलेल्या चौदा कुंड्या, कढीपत्ता, मरवा आणि तुळशीसकट, तिने ऑटोच्या तीन खेपांत अर्जदाराच्या तिसऱ्या मजल्यावरील दारात आणून ठेवल्या. अर्जदार आता बाल्कनीत एका पायावर उभी राहते. तेही सोसले असते हो, पण आईची झाडेसुद्धा यांना नकोशी झाली असे वाटून ती फोनवर भावाला नाही नाही ते बोलली. तेव्हापासून बोलणे बंद.

२. ‘घर सेतुरामला’ आणि त्याखाली वेगळ्या ओळीत ‘दार सेतुरामला’. आईने दारसुद्धा मुद्दाम लिहून द्यावे? म्हणजे लेकीने उंबरा ओलांडू नये असाच तिचा मनसुबा असणार, हे अर्जदाराने जिवाला लावून घेतले. आज नऊ महिने झाले, ती माहेरी गेलेली नाही.

३. ‘रुसू नये व फुगवू नये.’ यावरून संगीताने आपली नात नित्या हिच्या पहिल्या वाढदिवशी घरात एक फुगा येऊ दिला नाही. अर्जदार हे ऐकून पोट धरून हसली आणि मग रडली, कारण त्या वाढदिवसाला ती नव्हती.

गेल्या महिन्यात अर्जदाराने आपल्या कक्षात दिलेल्या मूळ पत्राची प्रत काढली, आईचे अक्षर प्रथमच स्वतः वाचले आणि कपाळावर हात मारला. भावाकडे निरोप धाडला, तर संगीताचे उत्तर आले, शिक्क्यापुढे अक्कांचे काय चालणार? म्हणून अर्जदाराने आपल्याकडे अर्जविनंती केली. आपले उत्तर: ‘अर्ज मिळाला. विनंती सोबत जोडलेली आढळली नाही.’ तक्रारीचे स्वरूप या रकान्यात तिने ‘भावाशी बोलणेचालणे बंद’ असे लिहिले होते. त्यावर आपला शेरा: ‘चालणे बंद असल्यास वैद्यकीय दाखला जोडावा.’

तरी खुलासा करण्यात येतो की चालणे व्यवस्थित सुरू आहे. रोज सकाळी शिवगंगा बागेत अर्जदार पुढे आणि सेतुराम वीस पावले मागे, अशा दोन फेऱ्या होतात. ती दम खायला बाकावर टेकली की तोही थांबतो आणि झाडाकडे बघत राहतो. इतके बघण्यासारखे त्या झाडात काही नाही.

महोदय, जोडशब्दातला दुसरा शब्द म्हणजे नवरीची पाठराखीण. तिला मानाने पान वाढावे, तिच्यासाठी वेगळा नवरा शोधू नये. भांडीकुंडीतली कुंडी आणि घरदारातले दार ही अशीच सोबतीला आलेली आहेत. येत्या तेवीस तारखेला आईचे वर्षश्राद्ध आहे. त्याआधी दुरुस्ती न झाल्यास आईच्या नावाचे पान तिच्या लेकीशिवाय वाढले जाईल. हे अर्जदाराला सहन होणार नाही.

विनंती (या वेळी स्वतंत्र जोडली आहे): शेवटच्या ओळीचे आपण ‘बहिणीने सुखात राहावे. भावाने सुखात राहावे.’ असे केले आहे. व्याकरणात खोट नाही. परंतु आईने तो एकच शब्द लिहिला होता. बाकीचे शब्द हवे तर तोडलेलेच राहू द्यावेत, ‘बहीणभाऊ’ तेवढा जोडून द्यावा. फोनवर बोलली त्याबद्दल अर्जदाराला फार वाईट वाटते. कुंड्यांबद्दल तिची आता तक्रार नाही. दार उघडे असेल, तर तेवीसला ती सकाळीच येईल आणि आईच्याच झाडाचा कढीपत्ता घेऊन येईल.

शेवटी ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असे लिहिण्याची रीत आहे. आपण भूल देणारा डॉक्टर बोलवाल या भीतीने ते गाळले आहे.

आपली नम्र, तरीही हट्टी,
कमलाक्षी तुळजाराम
तंजावूर, दि. १० मार्च २०२५

सोबत: १) आईच्या पत्राची प्रत. २) कढीपत्ता, एक जुडी. हा पुरावा आहे. यात लाच नाही आणि लुचपतही नाही.

ता.क. हा लिफाफा अर्जदार बागेतल्या बाकावर ठेवून पुढे जाणार आहे. वर पत्ता तमिळमध्ये असल्याने मागून येणारा इसम तो उचलून आपल्याकडे पोचवील. अक्काचे काम त्याने आजवर कधी टाळलेले नाही. त्याला कृपया समोर बसवून ‘विनंती’ हा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवावा. भाषांतर करू नये.