वाचायला बाई हवी होती

बेलापूर, ता. ९ ऑक्टोबर १९४४

दुपारच्या सुटीत दवाखान्यात ह्यांचा डबा घेऊन गेले. हे औषधं बांधत होते. कंपाउंडरला जेवायलाही फुरसत नाही. बाहेर बाकावर ब्राह्मण आळीतल्या यमुनाकाकू. लाल आलवण, पदर कपाळापर्यंत ओढलेला. डोळ्यांत औषध घालून घ्यायला आल्या होत्या. सोबत त्यांच्याकडे कामाला असलेली ठकूबाई.

काकू तोंडातल्या तोंडात काही म्हणत होत्या. आधी वाटलं जप असेल. कान दिला तर संस्कृत, विभक्ती चालवत होत्या! न राहवून विचारलं. म्हणाल्या, वडिलांनी लहानपणी शिकवलं, सहा वर्षं झाली, अक्षर दिसत नाही. विसरू नये म्हणून म्हणत बसायचं. पुतण्याला वाचून दाखवायला सवड नाही.

"तुला बाळबोध वाचता येतं का गं?"

"मी मिशन शाळेत शिकवते."

"मग मला वाचून दाखव. अर्थ मी सांगेन तुला."

काय बोलले आठवत नाही. डबा हातातच राहिला, तसाच शाळेत घेऊन आले. हे उपाशी.

ता. १०

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "तुला मॅट्रिकचा अभ्यास पुरत नाही का?" मग थोड्या वेळानं, "तिथं तुला पाणी तरी विचारतील का?"

म्हटलं, पाणी प्यायला जात नाहीये.

नगरच्या बोर्डिंगात बारा वर्षांची असताना मोठ्या बाईंना विचारलं होतं, मला संस्कृत शिकायचंय. त्या चांगल्या होत्या, हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सालोमी, कुणासाठी शिकणार? शिवण शिक, पोटाला उपयोगी पडेल." शिवण शिकले. उपयोगीही पडलं. पण त्या दिवशी 'कुणासाठी' याला उत्तर नव्हतं, अजूनही नाही. सत्तावीस वर्षं झाली.

ता. १२, गुरुवार

पहिला दिवस. शाळेच्या आधी एक तास, गुरुवारी नि शनिवारी, असं ठरलं. पुतणे विष्णुपंत त्या दोन दिवशी पहाटेच कोर्टाच्या कामाला बाहेर पडतात. हे काकूंनी सांगितलं नाही, ठकूबाईनं सांगितलं.

"बाई, तुमी हितं वटीवर बसा. त्या उंबऱ्याच्या आत बसतीन."

मधे चौरंग. त्यावर काकूंच्या वडिलांच्या हातची व्याकरणाची वही. मी उचलायची, वाचायची, परत ठेवायची. कागदाला दोष लागत नाही असं काकूंनीच ठरवलं.

वडिलांचं अक्षर टोकदार. पहिल्याच ओळीत तीनदा चुकले. काकू रागावल्या नाहीत, माझ्यामागून म्हणता म्हणता नुसत्या थांबायच्या. ते थांबणं जास्त झोंबतं.

निघाले. फाटकाबाहेर पडते तोच न्हाणीत घंगाळ वाजलं, पाणी ओतल्याचा आवाज. माझ्यामुळे त्यांना या वयात पुन्हा आंघोळ. वाईट वाटलं. कुणाबद्दल ते नक्की सांगता येत नाही.

ता. २१

द्विवचन! एकाला एक रूप, पुष्कळांना एक, आणि फक्त दोघांसाठी आणखी एक. इतकी काटेकोर भाषा कुणी बरं केली असेल? दिवसभर वर्गात मुलींकडे बघून मनात चालवत होते, दोन मुली, दोन पाट्या, दोन खिडक्या.

भाजी चिरताना ह्यांना सांगितलं. म्हणाले, "मीठ विसरलीस."

ता. ४ नोव्हें.

काकू आज शब्दांची कुळं सांगत होत्या. हस्त म्हणजे हात, कर्ण म्हणजे कान, दुग्ध म्हणजे दूध. ठकूबाई अंगण झाडत होती. केरसुणी थांबली.

"म्हंजी आमी बोलतो ते बी त्यातलंच हाय व्हय?"

काकू म्हणाल्या, "त्यातलंच."

"मग आमाला आदी कुनी सांगितलं न्हाई ते."

मी वहीत बघत राहिले.

ता. १९, रविवार

भक्तीनंतर पाळकसाहेबांनी बाजूला घेतलं. गावात कळलंय. "तिथं काय वाचता, सालोमीबाई?" म्हटलं, व्याकरण. "फक्त व्याकरण?" मी सांगितलं, आतापर्यंत तेवढंच, पुढं श्लोकही वाचू. म्हणाले, लोकांच्या मनात काही येऊ नये एवढंच. म्हणजे त्यांच्या मनात आलं आहे.

खोटं बोलले नाही. बरं झालं. पण प्रार्थनेत बसताना डोक्यात तृतीया विभक्ती होती, हेही खरं.

ता. २६ डिसें.

मार्था बोर्डिंगातून आली आहे. मला चालता-चालता पाठ म्हणताना पाहून तिला हसू आवरेना. "आई, तुला कोण छड्या मारणार आहे?" मग म्हणाली, "मलाही शिकव." तिला तीन शब्द शिकवले. चौथा मलाच आठवेना.

काकूंना करंज्या न्याव्यात असं मनात आलं. नेल्या नाहीत. त्या खाणार नाहीत, आणि नाही म्हणताना त्यांना अवघड जाईल.

ता. ११ जाने. १९४५

विष्णुपंत घरी होते. ओटीवर मी वही घेऊन बसलेली, ते आतून आले. मी उठले. आवाज चढवला नाही त्यांनी. "बसा, मास्तरीणबाई. काकूंना विरंगुळा झाला, उपकार आहेत. पण आता तुम्हाला फार दिवस त्रास नाही." काकूंचे दोन्ही मोतीबिंदू पिकलेत. नगरच्या दवाखान्यात ऑपरेशन होईल, चष्मा लागेल, मग त्या स्वतः वाचतील.

ते गेल्यावर काकू म्हणाल्या, "मला नाही करायचं. डोळ्याला शस्त्र लावून घ्यायचं, परक्यांच्या हातचं खायचं. उरलंय किती?" मग खाली वाकून, हळू आवाजात, "तुझा नवरा दवाखान्यात आहे. तो काय म्हणतो विचार. तू सांगशील तसं करीन."

मी सांगेन तसं!

ता. १३

"विचारलंस का गं?"

"हे कामात होते."

खोटं. दोन दिवस हे संध्याकाळी माझ्यासमोरच बसून विडी ओढत होते.

ता. १४, रविवार

लिहून ठेवते, म्हणजे स्वतःला नाकारता येणार नाही. काकूंना दिसू लागलं तर वाचायला मी लागणार नाही. मी नाही लागले तर त्या ओटीवर मला काय काम? मी 'नको' म्हटलं तर त्या आनंदानं नको म्हणतील. कुणाला कळणार नाही. आंधळं माणूस आंधळंच राहील आणि मी षष्ठीपर्यंत पोहोचेन.

अशी आहे मी. एवढी वर्षं मुलींना चांगुलपणा शिकवते आहे.

ता. १७

ह्यांना विचारलं. आश्चर्यानं बघितलं माझ्याकडे. "यात विचारण्यासारखं काय आहे? पिकलाय तर काढायलाच हवा. आणखी थांबल्या तर मग डॉक्टरही हात लावणार नाहीत." मग, "तू आठवडाभर याच विचारात होतीस होय?"

हो म्हटलं. चहा स्वतःच केला, माझाही.

ता. २०, शनिवार

सांगितलं. "काकू, करा ऑपरेशन. हे म्हणतात, उशीर नको."

"आणि तू?"

"मीही तेच म्हणते."

चौरंग चाचपून वही माझ्याकडे सरकवली. "मग आज दोन पानं जास्त वाचू." तीन वाचली. शाळेला उशीर झाला, हेडबाईंची बोलणी खाल्ली.

ता. २ फेब्रु.

काकू नगरला गेल्या. मी शाळेच्या फाटकात उभी होते. छकड्यातून स्टेशनकडे निघाल्या, विष्णुपंत शेजारी, मागं ठकूबाई आणि शिधा, भांडी, पाण्याचा तांब्या. हाक मारावी असं वाटलं. विष्णुपंत होते म्हणून मारली नाही.

घरी एकटी म्हणत बसते. चुकलं तर थांबणारं कुणी नाही. आपण बरोबर म्हणतोय असंच वाटत राहतं, तेच वाईट.

ता. २४

ठकूबाई शिधा न्यायला नगरहून आली होती, बाजारात भेटली. "लई चांगलं झालं बाई. पट्टी सोडली. माजं तोंड बघून म्हनल्या, ठके, तू एवढी काळी हायेस व्हय!" दोघी हसलो. चष्मा यायला अजून वेळ आहे. माझ्याबद्दल काही म्हणाल्या का, हे विचारायचं तोंडापर्यंत आलं होतं.

ता. १५ मार्च, गुरुवार

काकू परत येऊन अकरा दिवस झाले. निरोप नाही. आज उठले, वेणी घातली आणि पायच तिकडे वळले. ह्यांनी बघितलं.

ओटीवर चौरंग नव्हता. दारात विष्णुपंत. "काकू वाचताहेत," म्हणाले. एवढंच.

आतून आवाज येत होता. काकू मोठ्यानं वाचत होत्या, पहिलीतल्या मुलीसारखं, एकेक अक्षर लावत, अडखळत. मी अंगणात उभी राहिले. आनंद झाला, खरंच झाला. आणि त्याच वेळी वाटलं, संपलं.

मग त्यांनी एका ठिकाणी 'ष'ला 'प' वाचलं. वडिलांच्या अक्षरात दोन्ही सारखेच दिसतात, मीही महिनाभर फसत होते. भान राहिलं नाही. बाहेरूनच मोठ्यानं म्हटलं, "'ष' आहे तो, काकू."

आतलं वाचणं थांबलं. विष्णुपंत माझ्याकडे बघत राहिले.

"कोण आहे?"

"सालोमी."

पान जवळ धरल्याची, चष्मा सारखा केल्याची चाहूल. बाहेर काही त्या आल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बरोबर. पुढची ओळ काय आहे? मला लागत नाही."

वही आत होती, मी अंगणात. पाठ होती तेवढी म्हटली. मधेच शाळेची पहिली घंटा झाली, तरी ओळ पुरी केली. आतून काकू मागोमाग म्हणत होत्या, थांबल्या नाहीत, म्हणजे चुकले नव्हते.

शनिवारी ये असं त्या म्हणाल्या नाहीत. येऊ नका असं विष्णुपंतही म्हणाले नाहीत. धावत शाळेत आले.